काकांना ‘मोबाइल ठेवा’ कसं सांगायचं?

आज कोडिंगवर काही नाही. मोठ्या माणसांच्या वर्गात लक्ष कसं टिकवायचं, यावर बोलू.

मी इथे काशीमीऱ्यात रविवारी संध्याकाळी दोन तास कॉम्प्युटरचा वर्ग घेतो, फी न घेता. येणारे कोण? औद्योगिक गाळ्यांत काम करणारे, स्टोअर सांभाळणारे, एक वॉचमन, डबे पुरवणाऱ्या दोन ताई. वयं तिशीपासून पंचावन्नपर्यंत. हौसेने आलेलं कुणीच नाही. गाळ्यात जिथे स्टॉकचं रजिस्टर होतं, तिथे आता एक्सेल आलंय. ते जमलं नाही तर आपल्या खुर्चीवर पंचविशीतला कुणीतरी बसणार, हे त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. आणि तरीही वर्गात डुलक्या लागतात, मोबाइल वाजतात, मागे बिस्किटांचा पुडा फिरतो.

शाळेत मास्तर ओरडू शकतात. इथे मी त्यांना काका म्हणतो आणि ते मला सर म्हणतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला चारचौघांत ‘मोबाइल ठेवा’ म्हणायचं कसं? म्हटलं तर ठेवतीलही बिचारे. पण पुढच्या रविवारी येणार नाहीत. मोठी माणसं मास्तरांशी भांडत बसत नाहीत हो, यायचीच बंद होतात.

आपल्याच ठाणे जिल्ह्यातली, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्ही ऐकली असेल. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, सुरू केली. साठी ओलांडलेल्या बायका, खांद्याला दप्तर, सगळ्यांचा गणवेश गुलाबी साडी. फोटोंमुळे सगळ्यांना साड्या आठवतात. मला मात्र त्या शाळेची वेळ जास्त महत्त्वाची वाटते: दुपारी २ ते ४. सकाळची कामं उरकलेली, संध्याकाळची चूल अजून पेटायची. दुसरं म्हणजे मागणी आधी आली, शाळा नंतर. गावात शिवजयंतीला वाचन चाललं होतं, तेव्हा आपल्यालाही वाचता यायला हवं होतं असं या आज्याच म्हणाल्या. शिकवणारी बाहेरून आलेली कुणी मॅडम नव्हती, गावातलीच सून होती, आणि समोर बसलेल्यांत तिची सासूही होती.

वेळेचं हे गणित जुनंच आहे म्हणा. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामगारांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवसा ती माणसं कामावर.

आता माझ्या वर्गातलं सांगतो. एक्सेलचं प्रत्येक पुस्तक विद्यार्थ्यांच्या मार्कलिस्टने सुरू होतं. पन्नाशीच्या माणसाला राम, श्याम आणि सीमाच्या मार्कांशी काय देणंघेणं? मी त्यांच्याच चलनांचे फोटो मागवतो, पार्टीचं नाव झाकून. मोबाइल त्यासाठी बाहेर काढावाच लागतो, म्हणजे तो प्रश्न अर्धा तिथेच सुटतो. मग त्या आकड्यांची शीट करतो, पण बेरीज चुकलेली. कुणीतरी एका खान्यात ‘१२ नग’ असं टाइप केलेलं असतं. आपल्याला ते बारा दिसतात, एक्सेलला तो नुसता मजकूर दिसतो, आणि बेरजेचा फॉर्म्युला तो खाना सरळ वगळतो. मी काही बोलत नाही. एवढंच विचारतो, “काका, बारा नग गेले कुठे?”

स्टोअरवाल्या माणसाला हा प्रश्न विचारून बघा. बारा नग कमी म्हणजे त्याच्या पगाराचा प्रश्न असतो. मागचा बिस्किटाचा पुडा आपोआप खाली ठेवला जातो.

ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये आंजिकोस गावात मजुरांना चाळीस तासांत लिहायला-वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला होता. त्यांच्या पद्धतीत धडा सुरू व्हायचा तो शिकणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांपासून. मला माझे शब्द नग, चलन आणि उधारीत सापडले.

बाकी किरकोळ गोष्टी. जोडीने बसवायचं, आणि कीबोर्ड कमी येणाऱ्याकडे द्यायचा. ज्याला येतं त्याने हात न लावता तोंडाने सांगायचं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमुळे निम्मे लोक उशिरा येतात, म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांत नवीन काहीच नाही, मागच्याच शीटशी खेळायचं. मध्ये पाच मिनिटं फोनची सुट्टी, कारण तो फोन बहुतेकदा उद्याच्या शिफ्टचा असतो आणि उचलावाच लागतो. वॉचमन काका बारा तासांची ड्यूटी करून येतात. डोळा लागला तर लागू दे. वीस मिनिटांनी शेजारचा कोपराने उठवतो.

क्विझचे गेम आणा, स्क्रीनवर नंबर लावा, असा सल्ला बरेच जण देतात. कॉलेजच्या पोरांना चालेल. पण आधीच बॉससमोर मान खाली घालून आलेल्या माणसाचं नाव यादीत तळाला दाखवायचं? माझ्या वर्गात ते येणार नाही.

गेल्या रविवारी डबेवाल्या ताईंपैकी एकीने वहीच आणली. उधारी, सुट्ट्या, सगळं पेनाने लिहिलेलं. म्हणाली, “सर, कुणी अर्धाच डबा घेतला तर तो कसा मांडायचा?” दोन काका लगेच आपसात वाद घालायला लागले, ०.५ लिहायचं की वेगळा रकाना करायचा. वर्ग संपून वीस मिनिटं झाली तरी वाद चालूच होता, आणि खोलीची किल्ली परत द्यायची होती मला. आता या रविवारी सुरुवात त्याच वहीने करणार आहे.

तुमच्याकडे कुणी मोठ्यांना शिकवत असेल तर त्यांचे अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.