कृषिशिक्षक घडवू या
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)





खानदेशात आपली अनेक घराणी धान्य, कापूस आणि किराणा मालाच्या व्यापारात स्थिरावली. शेतकऱ्याचा हंगाम साधला, तर आपली दिवाळी गोड झाली. मात्र घरात मुलाच्या शिक्षणाचा विषय निघतो, तेव्हा सी. ए., डॉक्टर, इंजिनिअर ही नावे पुढे येतात. ‘कृषिशिक्षक हो’ असे आपण सहसा म्हणत नाही.

मार्ग मात्र जवळचाच आहे. धुळ्याचे कृषी महाविद्यालय १९६० साली सुरू झाले. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग आहे. बारावी विज्ञानानंतर चार वर्षांची बी. एस्सी. (कृषी) पदवी, पुढे एम. एस्सी., नंतर नेट परीक्षा किंवा पीएच. डी., अशी ही वाट आहे. माध्यमिक शाळेतील शिक्षकाला बी. एड. करावे लागते, कृषी महाविद्यालयातील अध्यापकाला तशी वेगळी पदवी सक्तीची नाही. मग तो शिकवायला शिकतो कोठे?

तो शिकतो बांधावर. पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करतात. १९७४ साली पुदुच्चेरीत देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले, तेही करून शिकणे आणि करून शिकविणे या तत्त्वावर. आपल्या जिल्ह्यात ममुराबाद आणि पाल येथे अशी केंद्रे आहेत.

या शिक्षणाची कसोटी पाहायची तर रावेर-यावलच्या केळीबागेत जावे. कुकुंबर मोझॅक, म्हणजे आपला ‘हरण्या’, मावा किडीमुळे पसरतो. लागण झालेल्या झाडाला औषध नाही. ते उपटून नष्ट करावे लागते. पोटच्या पोरासारखे वाढविलेले झाड उपटा, हे शेतकऱ्याला पटवून देणे केवळ पुस्तकी विद्वानाला जमत नाही. पानावरचे पिवळे पट्टे त्याच्याबरोबर पाहावे लागतात, शेजारच्या काकडी-मिरचीकडे बोट दाखवावे लागते, आणि आधी त्याचे ऐकून घ्यावे लागते. नेमके निदान करणारा शिक्षक भेटला, तर निष्कारण फवारणीही टळते.

वाकोदच्या शेतकरी कुटुंबातील भवरलालजी जैन कायद्याचे पदवीधर होते. त्यांनी शेतकऱ्यास ठिबक सिंचनाचे साहित्य पुरविले, तसेच ते वापरण्याचे शिक्षणही दिले. जैन हिल्सवर त्यासाठी प्रशिक्षणाची सोय झाली. शिकविल्यावाचून तंत्र शेतात रुजत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

विश्वस्त मंडळास माझी एकच नम्र विनंती आहे. दरवर्षी एका होतकरू मुलाच्या किंवा मुलीच्या कृषिशिक्षणाचा भार संस्थेने उचलावा. तो विद्यार्थी कोणत्याही समाजाचा असो. अट एवढीच असावी की, शिक्षण संपल्यावर त्याने एक हंगाम आपल्या तालुक्यातील शेतकऱ्यांना शिकवावे. ज्या मातीने आपल्याला पिढ्यान्पिढ्या पोसले, तिचे ऋण थोडेतरी फेडण्याचा हा मार्ग आहे.