जनुकांची पोथी आणि कर्करोगाचे निदान
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संपादित भाग)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात जैव-माहितीशास्त्रावर बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे. विषयाचे नाव अवघड असले तरी आशय घरातला आहे. नांदेड-लातूर भागात ज्याच्या नात्यागोत्यात कर्करोग शिरला नाही, असे कुटुंब विरळाच.

आपल्या पेशीच्या केंद्रकात जनुकांची एक पोथी असते. तिची वर्णमाला चारच अक्षरांची; लांबी मात्र सुमारे ३ अब्ज अक्षरांची. ती वाचण्याचा जागतिक प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला. पेशी विभागताना या पोथीची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. परंतु पेशींच्या वाढीला आवर घालणारी जनुके बिघडली, तर वाढ अनिर्बंध होते. हाच कर्करोग. आपल्या ग्रंथभांडारांतील अभ्यासक दोन हस्तलिखिते शेजारी ठेवून पाठभेद शोधतात. त्याचप्रमाणे रुग्णाच्या गाठीतील पोथी त्याच्याच रक्तातील पोथीशी संगणकाने ताडून पाहणे, हे आमचे काम.

भारताने या कामासाठी हिरडी व गालाच्या आतील भागाचा कर्करोग निवडला, कारण तंबाखू चघळण्यामुळे तो आपल्याकडे फार आढळतो. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ यांनी ११० रुग्णांच्या गाठी अभ्यासल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या रोगाशी पूर्वी न जोडलेली पाच जनुकेही वारंवार बिघडलेली आढळली. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ मध्येच झाली. पण व्यसन कायद्याने सुटत नाही, ते व्रताने सुटते.

आता अगदी शेजारचे उदाहरण. १९८२ पर्यंत लातूर ज्या उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होते, त्या आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ४९७ गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची जनुकीय चाचणी एका गटाला एकदाच उपलब्ध करून देण्यात आली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. ही माहिती २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याच मातीतील भगिनींमुळे जगाला हा पुरावा मिळाला. मग त्या चाचणीपासून आपल्या घरातील स्त्रिया का वंचित राहाव्यात?

एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. स्तन व अंडाशयाचे काही कर्करोग आनुवंशिक असतात. बीआरसीए जनुकातील दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडे असल्यास तो प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. मुलाकडूनही तो पुढच्या पिढीत जातो. तरीही सोयरीक मोडेल या भीतीने घराणी आजार लपवतात, आणि ज्या लेकीला वेळीच सावध करता आले असते ती अंधारात राहते. दोष आढळला म्हणजे रोग झालाच, असे नाही. नियमित तपासणीने तो लवकर हाती लागू शकतो.

काहीजण विचारतात, “हे कर्माचेच फळ ना?” जनुकशास्त्र आणि कर्मसिद्धांत यांची सरमिसळ मी करणार नाही. पण जिनवाणीने पुरुषार्थ सोडा, असे कधीच सांगितलेले नाही. संवर आणि निर्जरा यांची शिकवण प्रयत्नाचीच आहे.

म्हणून ट्रस्टला तीन विनंत्या. पर्युषण आणि दशलक्षण पर्वात तंबाखूत्यागाचे नियम द्यावेत. वैद्यांच्या सल्ल्याने मुखतपासणी, स्त्रियांची तपासणी व मुलींच्या एचपीव्ही लसीकरणासाठी साहाय्य द्यावे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे. आणि गोपनीयता पाळून कुटुंबाची आरोग्यवही ठेवण्याची प्रथा पाडावी. वंशावळ आपण जपतोच. तिच्यात आजारांचीही नोंद असावी.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण मानतो. वेळेवर झालेल्या निदानात शास्त्र, औषध आणि अभय ही तिन्ही एकत्र येतात. सुवर्णमहोत्सवाचे याहून उचित दान मला दिसत नाही.

जय जिनेंद्र!