निजलेली फटफटी



गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. त्याचे वडील निवर्तले होते, आणि त्यांची येझदी फटफटी अहमदपूरच्या घरी, पडवीत, कडब्याच्या पेंढ्यांआड कित्येक वर्षे उभी होती. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला होता. "गुरुजी, देऊन टाकू काय?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "वजन लोखंडाचे होते. यंत्राचे मोल करावयाचे तर आधी त्याची प्रकृती पाहिली पाहिजे."

या गाडीचे कुळ मोठे आहे. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात जॅनेचेक यांनी वांडरर कंपनीची मोटारसायकल बनविण्यास घेतली, आणि दोन्ही नावांच्या आद्याक्षरांतून 'जावा' हे नाव झाले. म्हैसूरच्या कारखान्यात हीच गाडी पुढे येझदी नावाने निघू लागली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. किक व गिअर यांची दांडी एकच, ही तिची खूण. चाकूर–अहमदपूर–लोहा या रस्त्याने अशा गाड्यांनी लातूर व नांदेड जवळ आणले.

आता उपाय ऐका. दीर्घकाळ निजलेल्या यंत्राला एकदम किक मारणे म्हणजे उपाशी माणसास पंक्तीचे जेवण वाढणे होय. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, रात्रभर राहू द्यावे, आणि सकाळी वरचा गिअर घालून मागील चाक हातांनी हळूहळू फिरवावे. ते मोकळे फिरले, तर आशा धरावी. टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे. त्याचा चिकट साका कार्बोरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवितो, आणि टाकीचा गंजही तेथेच येऊन अडतो. रबरी नळ्या बदलाव्यात. क्रँकच्या दोन्ही टोकांची तेलरोधक कडी कडक झाली असल्यास त्यांतून हवा आत शिरते; मग मिश्रण पातळ होऊन पिस्टन तापतो व अडकतो. ही गाडी दोन-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्ये ठरलेल्या प्रमाणात तेल मिसळणे विसरू नये. टायर दिसावयास चांगले असले तरी जुन्या रबरावर विश्वास ठेवू नये. उंदरांनी तारा कुरतडल्या असतील, तर बॅटरी जोडण्यापूर्वी त्या तपासाव्यात. ब्रेक प्रथम, वेग नंतर.

मात्र कागद यंत्राहून अवघड. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी ती वाढते. मालक वारल्यास तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत वारसाच्या नावाचा अर्ज करावयाचा असतो. सांगाड्यावरील व इंजिनवरील क्रमांक पुस्तिकेशी जुळतात काय, हे प्रथम पाहावे. न जुळल्यास चकाकी कितीही असो, किंमत उतरते. पन्नास वर्षांवरील गाड्यांना २०२१ च्या नियमांनी निराळा दर्जा मिळाला. परंतु प्रत्येक जुनी गाडी त्यात बसत नाही.

खर्च बाजारभावाहून अधिक होईल, हेही मी त्यास स्पष्ट सांगितले. तो काही काळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा मला शाळेत याच गाडीवर सोडीत. भंगारवाल्यास नको म्हणून कळवितो." आधी चाक फिरते की नाही ते पाहू, असे मी म्हटले. दुसऱ्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून ते फिरविले. पहिल्यांदा ते हलले नाही. तिसऱ्या खेपेस हलले.

इंजिन अद्याप सुरू व्हावयाचे आहे. परंतु वजनकाटा परत गेला आहे.