खोलायची की विकायची?



व्याख्यानमालेत इतिहास असतो, संतसाहित्य असतं, फार तर अर्थसंकल्प असतो. तिथे मोटारीच्या इंजिनाचं काय काम, असं पत्रिका पाहून काहींना वाटलं असेल. पण धुळे-जळगावकडच्या मध्यमवर्गीय घरात घरबांधणी आणि लग्न सोडलं, तर सगळ्यात मोठा खर्च गाडीचाच. आणि त्याचा निर्णय होतो गॅरेजच्या दारात, उभ्याउभ्या. मिस्त्री हात पुसत सांगतो, "भाऊ, इंजिन खोलावं लागेल. साठएक हजार धरून चला." बाजूला उभा असलेला मेहुणा लगेच म्हणतो, "दीड लाखाच्या गाडीला साठ हजार? द्या एक्स्चेंजमध्ये!"

मेहुण्याचं गणित चुकतं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी ताडून बघायचा नसतो. तो ताडायचा नव्या गाडीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या खर्चाशी. समजा नवी गाडी नऊ लाखांची. विमा कंपन्या गाडीची जी किंमत धरतात तिला आयडीव्ही म्हणतात, आणि तिची घसाऱ्याची पट्टी ठरलेली आहे : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०. म्हणजे तिसऱ्या वर्षात तुमचे दोन लाख सत्तर हजार कागदावरून उडालेले असतात, गाडीवर एक ओरखडा नसला तरी. नऊ लाखांतले सात लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले असतील, तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच अठ्ठावन्न हजारांच्या घरात जातं. मेहुण्याने वाचवलेले साठ हजार पहिल्याच दिवाळीला बँकेत गेले. जुनी गाडीही उतरतेच, पण तिची उतरण केव्हाच होऊन गेलेली असते. आता ती वर्षाला काही हजारांनी खाली येते, लाखांनी नाही.

म्हणून मिस्त्रीला विचारायचं ते हे : साठ हजार घातले तर गाडी किती दिवस निर्धास्त चालेल? आणि या कामामागे दुसरं कुठलं काम रांगेत उभं आहे? इंजिन झालं, पण क्लचप्लेट टेकलीय, पुढचं सस्पेन्शन खडखडतंय, एसीचा कॉम्प्रेसर आवाज करतोय, तर हा साठ हजारांचा नव्हे, सव्वा लाखाचा सौदा आहे. तो सगळा एकदम मांडून घ्यावा. दोन वर्षं मिळत असतील तर दुरुस्ती, सहाच महिने मिळत असतील तर नमस्कार.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. इथे गाडी मरते ती तापून, गंजून नाही. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा पत्रा आतून सडतो. स्वस्तात मिळाली म्हणून तिकडची गाडी आणणाऱ्याने मॅट उचलून खालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा आणि स्टेपनीची जागा बोटाने दाबून बघावी. आपल्याकडची कोरडी हवा पत्रा सांभाळते. मात्र रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतायची सवय इंजिनाला सांभाळत नाही. त्या पाण्यातले क्षार नळ्यांत बसतात, उन्हाने होसपाइप कडक होऊन चिरतात, आणि काटा लालकडे गेलेला दिसत असूनही 'एवढा कन्नडचा घाट चढू, मग बघू' म्हणणारा माणूस पाचशेच्या पाइपापायी हेडगॅस्केट जाळून बसतो. त्यात तापीकाठच्या काळ्या मातीची धूळ, तिने एअर फिल्टर तुंबतो. ही सगळी दुरुस्त होणारी दुखणी आहेत. सडलेली चासी दुरुस्त होत नाही. म्हणून खानदेशात वाढलेल्या गाडीबद्दल माझा कल दुरुस्तीकडे असतो, हे मी लपवत नाही.

पण इंजिन खोलण्याआधी खोलायची खरंच गरज आहे का, ते पाहावं. जुने मिस्त्री एक साधी तपासणी करतात. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढतात आणि त्याच तोंडावर उलटं ठेवतात. झाकण थोडं थरथरलं तर हरकत नाही. ते टणाटणा उडायला लागलं आणि खालून भकाभका धूर आला, तर रिंगा घासल्या. गॅरेजच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन'. झाकणाच्या आत दुधाळ कॉफीसारखा साका दिसला, तर कूलंट ऑइलमध्ये उतरल्याची शंका घ्यायची, म्हणजे गॅस्केटकडे बघायचं. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही, आणि तेव्हा नोझल-पंप तपासल्याशिवाय इंजिनाला हात लावू देऊ नका. शेवटी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून मागा. चारपैकी एकच सिलिंडर खाली असेल, तर 'फुल इंजिन' करायची घाई कशाला? जो मिस्त्री आकडा लिहून देतो, त्याच्याकडे काम द्यावं. नुसतं 'माझ्यावर सोडा' म्हणणाऱ्याकडे मी गाडी सोडत नाही.

आपल्या एसटीने हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवला. चासी चांगली आणि वरचा सांगाडा खिळखिळा, अशा गाड्यांवर महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत माइल्ड स्टीलची नवी बॉडी चढवली. याउलट मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी. ती ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली ती इंजिन थांबलं म्हणून नव्हे, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे म्हणून.

मर्यादेवरून आठवलं. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, हा समज गावोगाव पसरलाय आणि जुन्या गाड्या पडून भावात मागणाऱ्यांनी तो जोपासलाय. दहा वर्षांचं डिझेल, पंधरा वर्षांचं पेट्रोल हा दंडक दिल्ली परिसराचा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी बंद झाली ती सरकारी गाड्यांची. तुमची खासगी एमएच १८ किंवा एमएच १९ पासिंगची गाडी पंधरा वर्षांनी तपासणीत उतरली, तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. फी मात्र झोंबेल. मोटारीची सहाशेची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. वर राज्याचा पर्यावरण कर आणि पीयूसी. हे सगळं दुरुस्तीच्या हिशेबात आधीच धरावं. पेट्रोल गाडीवाल्यांनी आणखी एक धरावं : एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. त्यांचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील वेळेवर बदलून घ्यावेत.

तपासणीत गाडी उतरत नसेल, चासी गेली असेल, किंवा साध्या पार्टसाठी महिनाभर वाट बघावी लागत असेल, तर मोह सोडावा. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राकडून 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' घ्यावं. २०२१ च्या धोरणानुसार नव्या गाडीची नोंदणी फी त्यावर माफ होते आणि करातही सवलत मिळते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडून यातलं काही मिळत नाही.

आणि विकायचीच ठरली, तर शोरूममध्ये एक्स्चेंजचा विषय आधी काढूच नका. नव्या गाडीची अखेरची किंमत पक्की करा, कागदावर घ्या, मग जुनीचा भाव विचारा. 'एक्स्चेंज बोनस' बहुतेकदा नव्या गाडीवर द्यायची सूट कमी करूनच दिलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तसा जुन्यांचाही भाव खाली आला. तेव्हा दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला काय मिळालं ते विसरा.

सगळ्यात मोठी फसगत मात्र पुढेच आहे. पैसे मिळाले, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, गाडी गेली, आणि आरसीवर नाव आपलंच राहिलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. गाडी एकामागून एक हातांत फिरली होती, नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती, आणि अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच पडली. १ एप्रिल २०२३ पासून यावर एक उपाय आहे. आरटीओकडून अधिकारपत्र मिळालेल्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला गाडी दिली आणि तशी ऑनलाइन सूचना नोंदवली, की ती पुढे विकली जाईपर्यंत कायद्याने तोच मालक. तुमच्याकडे ते अधिकारपत्र आहे का, असं गाडीबाजारात विचारून बघा. समोरचा माणूस उत्तर देण्याआधी चहा मागवतो.