नळाचे पाणी आणि न मरणारे विष
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी विषाची गोष्ट काढते आहे, याचा राग मानू नका. पाणी भरणे, गाळणे, झाकून ठेवणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे आहे. तेव्हा पाण्याविषयी बोलण्याचा अधिकारही आपलाच.

पाण्याची पारख आपल्याला आईने शिकविली. गढूळ असेल तर तुरटी फिरवावी, कचरा असेल तर दुपदरी फडक्याने गाळावे, साथ असेल तर उकळावे. परंतु आता असे एक विष निघाले आहे की ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. उकळून ते जात नाही, तुरटीने खाली बसत नाही, क्लोरीनने मरत नाही. त्याला पीएफएएस म्हणतात. ही हजारो रसायनांची जात आहे. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कापड, तेल न शोषणारा कागद, आग विझविण्याचा फेस यांसाठी ती वापरतात. त्यांत कार्बन व फ्लोरीनची अशी निरगाठ असते की ऊन, माती, जंतू कोणालाच ती सहजी सुटत नाही. आपण मुलांना ‘चिरंजीव हो’ म्हणतो. परंतु हे चिरंजीवपण अश्वत्थाम्याचे आहे.

यांपैकी काही रसायने रक्तात वर्षानुवर्षे राहतात. आईकडून ती पोटातल्या बाळाकडे व दुधातूनही जातात. (म्हणून कोणी बाळाचे दूध तोडू नये, आईच्या दुधासारखे दुसरे काही नाही.) पीएफओए हे त्यांतले एक. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणारे म्हणून जाहीर केले. अमेरिकेने २०२४ साली त्याची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा ठरविली, ती लाख कोटी भागांत चार भाग. आपल्या हिशेबाने सांगायचे तर दहा हजार लिटरच्या पाच हजार टँकरांत चार थेंब!

इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिसिनो गावी मितेनी नावाचा कारखाना ही रसायने बनवीत असे. तेथून जमिनीखालचे पाणी नासले. २०१३ साली ते उघडकीस आले. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा तो प्रश्न होता. मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे हाती आले, तेव्हा २०१७ साली तेथील आया एकत्र आल्या. त्या काही शास्त्रज्ञ नव्हत्या, आपल्यासारख्याच घरच्या बायका होत्या. त्यांनी सभा घेतल्या, कोर्टाची पायरी चढल्या. २०१८ साली कारखान्याचे दिवाळे निघाले आणि जून २०२५ मध्ये अकरा अधिकाऱ्यांना शिक्षा झाली.

पण यंत्रे मरत नाहीत, ती विकली जातात. त्या कारखान्याची यंत्रे २०१९ साली लक्ष्मी ऑर्गॅनिक या आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीच्या समूहाने घेतली व रत्नागिरी जिल्ह्यात लोटे-परशुरामला आणली. तेथील पाणी नासले असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की, इटलीतल्या आयांना जे उशिरा कळले, ते कोकणातल्या आयांना आधी कळावे.

आता आपल्या नागपूरकडे वळू. आपल्याला पेंच व कन्हानचे पाणी मिळते. त्यात हे विष आहे, असेही मी म्हणत नाही. परंतु पाहिल्याशिवाय ‘नाही’ तरी कसे म्हणावे? पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक २०१२ साली सुधारून निघाले, त्यात शिसे व आर्सेनिक यांच्या मर्यादा होत्या. या रसायनांची नव्हती.

कोणी म्हणेल, घरी यंत्र लावू. आरओने ही रसायने बरीचशी निघतात, हे खरे. पण निघून जातात कुठे? मोरीतून नाल्यात, नाल्यातून नाग नदीत, तेथून कन्हानेत आणि पुढे वैनगंगेत, गोसीखुर्दच्या धरणात. आपण गाळलेले विष भंडाऱ्याकडच्या बहिणीच्या दारी! शिवाय जिला यंत्र परवडत नाही, तिने काय करावे? हे विष स्वयंपाकघरात अडविण्याचे नव्हे, कारखान्याच्या दाराशी अडविण्याचे आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की मंडळाने महानगरपालिकेला अर्ज करावा. पेंच व कन्हान या दोन्ही पाण्यांची या रसायनांसाठी तपासणी व्हावी आणि आकडे सर्वांना वाचता येतील असे मराठीत छापावे. अर्जावर प्रत्येकीने सही करावी. शेजारणीचीही घ्यावी. आणि नवा तवा घेताना बिडाचा किंवा लोखंडी घ्यावा. भाकरी त्यावर काही वाईट होत नाही.