त्याचा कागद कुठे आहे?



लग्नाला दोन वर्षं झाली आणि मूल नाही, की अक्कलकुव्यापासून शहाद्यापर्यंत बोट बाईकडेच जातं. आधी भगत, नवस. मग नंदुरबारचा दवाखाना, सोनोग्राफी, पिशवीची तपासणी. तिला घेऊन आलेला नवरा बाहेर झाडाखाली बिडी ओढत बसलेला असतो. मला बोलायचं आहे ते त्या बिडीबद्दल.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाचा दोष असतो, एकट्याचा किंवा बाईच्या दोषासोबत. त्याची कारणं पुष्कळ, तंबाखू त्यातलं एक. धुरातलं निकोटीन, कॅडमियम, शिसं रक्तावाटे अंडकोषापर्यंत पोचतं. २०१६ साली वीस अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत ५,८६५ पुरुष होते. धूम्रपान करणाऱ्यांत शुक्रजंतू कमी आणि त्यांची हालचाल मंद आढळली; जास्त ओढणाऱ्यांत हे अधिक. बिडी छोटी म्हणून निर्धोक, हेही खरं नाही. तिच्या धुरात निकोटीन आणि डांबर साध्या सिगारेटपेक्षा जास्त, शिवाय ती विझू नये म्हणून झुरके भराभर मारावे लागतात.

बिडी ओढणारे सगळेच निपुत्रिक राहतात, असं मात्र मुळीच नाही. पाच पोरांचा बाप तुम्हाला लगेच दाखवतील! म्हणूनच अंदाज नको, तपासणी हवी. वीर्याच्या तपासणीला ना सुई, ना भूल. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, दोष दिसला तर पुन्हा द्यायचा. पुरुष अडतात ते मर्दानगीपाशी. संबंध ठेवता येणं वेगळं, शुक्रजंतू धड असणं वेगळं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा बिडी सोडून निदान तीन महिने तरी थांबायला हवं.

इतकं थांबतो कोण? त्याआधीच दुसरी बायको येते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात ६९ टक्के लोक आदिवासी होते. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सगळ्या बायांना आहे. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं ही हिंसा, असं त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते.

शहाद्याच्या बायांनी १९७० च्या दशकात दारूची मडकी फोडली. बिडीचं बंडल फेकून इथे भागणार नाही. आणि 'वांझ' हा शब्द बाईवरून काढून पुरुषाला चिकटवायचाही नाही. बाई आपल्याकडे आली की तिच्या फायलीत नवऱ्याचा तपासणीचा कागद आहे का, ते आधी बघा. मी पाहिलेल्या बहुतेक फायलींत तो नव्हता.