गाणे, ऋतू आणि निरूपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील तिरुवैयारू सहलीत, त्यागराज आराधनेच्या आदल्या रात्री केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवसभराच्या प्रवासाने थकलेल्या आणि जेवणाची वाट पाहणाऱ्या मंडळींपुढे भाषण करणे हा अपराधच होय, ह्याची मला जाणीव आहे. परंतु कार्यवाहांचा आग्रह मोडवला नाही. त्यांनी दिलेला विषय ‘परप्रांतातील मुले आणि मराठी’ असा होता. ह्या विषयावर आपल्या मंडळात पन्नास वर्षे भाषणे होत आहेत, आणि मुले पन्नास वर्षे ती न ऐकता बाहेर खेळत आहेत. म्हणून मी विषय थोडा आपल्या सोयीचा करून घेतला आहे. गाण्यांच्या आणि सणांच्या आधाराने भाषा शिकता येते काय, आणि येत असल्यास किती, एवढ्याच प्रश्नाविषयी मी बोलणार आहे. त्यासाठी ह्या गावाहून अधिक योग्य जागा मला ठाऊक नाही.

उद्या पौष वद्य पंचमी. १८४७ साली ह्याच तिथीस त्यागराजस्वामींनी ह्या गावी देह ठेवला. उद्या सकाळी कावेरीकाठी त्यांच्या समाधीपुढे गायक-वादक समोरासमोर रांगा करून बसतील आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री ह्या पाच रागांतील पंचरत्न कृती एकमुखाने गातील. ह्या पाचांपैकी पहिली कृती संस्कृत आहे, उरलेल्या चार तेलुगू आहेत. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा मात्र तमिळ. कित्येकांच्या मांडीवरील पुस्तकात तेलुगू शब्द तमिळ लिपीत छापलेले असतात. ज्यांनी ह्या कृती लिहिल्या त्यांचे घराणे तेलुगूभाषक, सारे आयुष्य गेले तमिळ मुलखात, आणि राज्य होते तंजावरच्या मराठ्यांचे. त्यांच्या कृती व चरित्र ज्यांनी जपून ठेवले त्या शिष्यांतील प्रमुख वालाजापेट वेंकटरमण भागवतर हे सौराष्ट्री भाषा बोलणाऱ्या समाजातले. एका गावात इतक्या भाषा एका गाण्याभोवती गोळा झाल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

हे दृश्य पाहून माणूस भारावतो. मीही प्रथम भारावलो होतो. मग शेजारी बसलेल्या एका तरुण गायकास मी एका चरणाचा अर्थ विचारला. त्याने अत्यंत विनयाने सांगितले, “अर्थ नाही ठाऊक, सार. पण सगळे पाठ आहे.” मला हसू आले नाही, कारण हेच उत्तर मी माझ्या घरी ऐकलेले होते.

ती गोष्ट सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या आषाढी एकादशीच्या कार्यक्रमात माझ्या मुलीने तुकोबांचा एक अभंग म्हटला. गळा चांगला, कर्नाटक संगीताची तालीम झालेली, सभागृह डोलले. त्या वेळी माझ्या वडिलांची बहीण, आमची आत्या, साताऱ्याहून आलेली होती. कार्यक्रम संपल्यावर आत्याने तिला जवळ घेतले, अलाबला घेतली आणि विचारले, “बाळ, किती गोड गायलीस गं! कुणी शिकवलं? आणि त्यात तुकोबा रुसलेत कुणावर?” मुलगी माझ्याकडे पाहू लागली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिने इंग्रजीत दिले, दुसऱ्याचे दिलेच नाही. आत्या बिचारी काही बोलली नाही. तिने मुलीच्या हातावर पेढा ठेवला आणि पुढे तीन दिवस ती तिच्याशी खुणांनी बोलली. दोष मुलीचा नव्हता. तिला देवनागरी सरावाची नव्हती म्हणून तो अभंग तमिळ लिपीत मीच लिहून दिला होता. अर्थ सांगायला मला वेळ झाला नव्हता. आत्या पुन्हा इकडे आली नाही. दोघींचे बोलणे व्हायचे राहिले ते राहिलेच.

तमिळ लिपीचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द त्याविषयी. क, ख, ग, घ ह्या चारही वर्णांस तमिळमध्ये एकच अक्षर. म्हणून इकडच्या भजनाच्या पुस्तकांत त्या अक्षरावर बारीक आकडे छापतात. दोनचा आकडा म्हणजे ख, तीनचा म्हणजे ग, चारचा म्हणजे घ. युक्ती उत्तम आहे, पण घाईत आकडे दिसत नाहीत आणि ‘भक्त’ चा ‘पक्त’ होतो. उलट जो ‘ळ’ उत्तरेकडे वाढलेल्या आपल्या मुलांना काही केल्या येत नाही, तो तमिळ मुलखातील मुलाच्या जिभेवर जन्मतःच असतो. ‘चंद्रा’तला च आणि ‘चमच्या’तला च निराळे, हे मात्र कोणतीही लिपी सांगत नाही, आपली देवनागरीदेखील नाही. ते कानानेच शिकावे लागते, आणि तेथे गाण्यासारखा शिक्षक नाही. स्वर लांबवून म्हटलेला शब्द मुलाला बोलण्यातल्या शब्दापेक्षा दसपट स्पष्ट ऐकू येतो.

तेव्हा गाणे उच्चार देते, हे निर्विवाद. ते आणखी एक गोष्ट देते. आपल्या घरांतली मराठी बहुधा स्वयंपाकघर आणि दार ह्यांच्या मधली असते: ये, बस, जेव, दार लाव, दिवा मालव. ह्यापलीकडची भारदस्त, कमावलेली भाषा मुलाला कोठे भेटणार? ती अभंगात भेटते. पण सातशे, चारशे वर्षांपूर्वीची ती भाषा फसवीही आहे. ‘नेणे’ हा शब्द घ्या. घरात त्याचा अर्थ घेऊन जाणे. अभंगात त्याचा अर्थ जाणत नाही. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले, तो कर्नाटकातला म्हणून की आकळत नाही म्हणून, ह्यावर विद्वान अजून वाद घालतात. मूल हे सारे आपल्या आपण कसे उलगडणार? चाल पाठ झाली की शब्द तिच्या पाठीवर बसून निघून जातात.

आता ह्याच जिल्ह्यातला इतिहास पाहा. आपल्याकडील नारदीय कीर्तनाचे दोन भाग आपणांस ठाऊक आहेत. पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. हे कीर्तन तंजावरास मराठी राज्याबरोबर आले, समर्थसंप्रदायाच्या मठांतून रुजले. राज्य १८५५ साली संपले, पण कीर्तन संपले नाही. मोरगावकर बावा नावाचे कीर्तनकार तंजावरास राहिले होते. त्यांची कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्यांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी प्रकार तसेच ठेवले, आणि निरूपण तमिळमध्ये केले. समोरच्या श्रोत्याला मराठीचे अक्षर येत नव्हते. तरी तो रात्र रात्र बसे, कारण प्रत्येक पदानंतर कोणीतरी त्याला त्याच्या भाषेत सांगत असे की हे काय म्हटले, का म्हटले, आणि ह्याचा तुझ्या घरच्या भांडणाशी संबंध काय.

माझे म्हणणे सारे येथे आहे. आपण कीर्तनातले गाणे ठेवले आणि निरूपण सोडून दिले. स्पर्धा घेतो त्या गायनाच्या. परीक्षक गुण देतात ते सुराला आणि तालाला. मुलाने गायलेले मुलाने सांगावे, असे आपल्या एकाही कार्यक्रमपत्रिकेत मी पाहिलेले नाही.

जुन्या तंजावरात भाषांची भीती कमी होती, असे वाटते. शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या पुत्रांनी, ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक लिहिले आहे. त्यात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी व संस्कृत अशा पाच भाषा पात्रे बोलतात. त्याच घराण्यातील सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा वंशेतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. उद्या परतताना तंजावरास थांबणार आहोत, तेव्हा मुलांना तो लेख जरूर दाखवा. फोटो काढून पुढे जाऊ नका. एक ओळ तरी वाचून घ्या.

ऋतूंविषयी बोलायचे राहिले. आपल्या गाण्यांतला श्रावण हा कोकणातला आणि देशावरचा श्रावण आहे. येथे श्रावणात आभाळ कोरडे असते. येथला मोठा पाऊस ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर ऑक्टोबरनंतर येतो. मग ऊनपावसाच्या खेळावरचे गाणे ह्या मुलाला कसे समजावे? मी बरीच वर्षे ह्या अडचणीपाशी थांबलो होतो. एका आडी महिन्यात येथल्या पुष्यमंडप घाटावर बसलो असता ती सुटली. आडीच्या अठराव्या दिवशी, साधारण ऑगस्टच्या आरंभी, येथल्या बायका नदीच्या नव्या पाण्याची पूजा करतात आणि घरून आणलेले निरनिराळे चित्रान्न काठी बसून खातात. डोक्यावर ऊन आणि पुढे भरलेली नदी! पाऊस नसताना हे पाणी आले कोठून? ते कोडगूहून आले, तळकावेरीहून, सह्याद्रीवरून. आपल्या गाण्यांत जो पाऊस पडतो त्याच पावसाचा एक भाऊ येथे पायऱ्यांशी येतो. मुलाला घाटावर उभे करून हे एकदा सांगितले की श्रावणाचे गाणे त्याला परके राहत नाही. धरणे झाल्यापासून पाणी केव्हा सोडायचे हे मेट्टूरला ठरते, ही गोष्ट निराळी.

आणि भोंडला! माझ्या मते परप्रांतातील मुलांसाठी भोंडल्यासारखी दुसरी शाळा नाही. त्या गाण्यांत सासू, सासरा, दीर, नणंद, जाऊ असा साऱ्या नात्यांचा कोश आहे, माहेर-सासरचे राजकारण आहे, विनोद आहे. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. पण खरी गंमत गाणी संपल्यावर येते. खिरापत ओळखायची! झाकलेल्या डब्यात काय आहे हे प्रश्न विचारून हुडकायचे: गोड की तिखट, ओले की कोरडे, वाफवलेले की तळलेले? तेथे पाठांतर उपयोगाचे नाही; तेथे बोलावेच लागते, आणि बोलण्यास बक्षीस आहे, तेही लगेच आणि पोटात जाणारे. त्याच नवरात्रात तमिळ घरी कोलूच्या पायऱ्या मांडलेल्या असतात, संध्याकाळी सुंडल वाटतात. आमच्या शेजारणी दोन वर्षे आमच्या डब्यातले ओळखायला आल्या आणि ‘वाटली डाळ’ हा शब्द बरोबर उच्चारून गेल्या.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आजची मुले इंग्रजी गाणी ऐकतात. ऐकू देत. त्यांच्याकडून एक शिकण्यासारखे आहे. माझी नात इंग्रजी गाणी दिवसभर कानाला लावून बसते. शाळेने तिला व्याकरण दिले, पण बोलीतली वळणे, उपरोध, अर्धवट सोडलेली वाक्ये तिने त्या गाण्यांतून उचलली. नाताळच्या दिवसांत ती शाळेत नाताळची गाणी म्हणते आणि बर्फ कधी न पाहता बर्फाविषयीचे दहा शब्द तिला येतात. कसे? ती अर्थ शोधते. एखाद्या ओळीवर मैत्रिणींशी वाद घालते. दुसऱ्या दिवशी तोच शब्द भांडणात वापरते. म्हणजे निरूपणही तीच करते. मराठी गाण्याविषयी मात्र तिला वाद घालायला घरात कोणी मिळत नाही. आम्ही तिला फक्त शाबासकी देतो.

घरी आरंभ करावयाचा असल्यास ‘गीतरामायणा’पासून करावा, असे मी सुचवीन. १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले आणि आठवड्याला एक ह्याप्रमाणे छप्पन्न गीते वर्षभर चालली. माडगूळकरांची भाषा प्रौढ आहे, पण कथा मुलाला ठाऊक असते, म्हणून कठीण शब्दही प्रसंगावरून कळतो. घाई करून छप्पन्न गीते महिन्यात ऐकवू नका. तेव्हाच्या श्रोत्यांप्रमाणे आठवड्यास एकच ऐका, आणि उरलेले सहा दिवस त्याच्याविषयी बोला.

जाता जाता थोडे आपल्या स्वतःविषयी. चाळीस चाळीस वर्षे ह्या प्रांतात राहून आपल्यापैकी कित्येकांची तमिळ भाजीबाजाराच्या पुढे गेलेली नाही, माझीही फारशी गेलेली नव्हती. मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, येथे आंडाळची तिरुप्पावै गातात. तीस पदे, तीस पहाटा. निवृत्तीनंतर एका मार्गळीत मी शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे रोज एक पद घेऊन गेलो. ते अर्थ सांगत, मी मराठीत लिहून घेई. तीस दिवसांत मला तमिळ आली असे नाही. पण एकतिसाव्या दिवशी ते म्हणाले, “आता तुम्ही सांगा, तुमचे तुकाराम काय म्हणतात ते.” आणि मला तमिळमध्ये सांगावे लागले. चुका पुष्कळ झाल्या. माझी मुलगी तेव्हा माहेरपणाला आली होती. ती दाराआड उभी राहून ऐकत होती, आणि मी घरात आल्यावर तिने मला तोच प्रश्न विचारला, आत्याने विचारलेला: तुकोबा रुसलेत कुणावर? मी तिला सांगितले. पंचवीस वर्षांपूर्वीच सांगायला हवे होते.

असो. उद्या पहाटे लवकर निघायचे आहे. आपल्याबरोबर अकरा मुले आहेत. त्यांच्यासाठी मी आरभीतील कृतीचा भावार्थ सोप्या मराठीत एका कागदावर लिहून आणला आहे. आमच्या मंडळातील एका तेलुगू सुनेने तो तपासून दिला, तीन चुका काढल्या. जेवणानंतर मुलांनी माझ्याजवळ यावे. मी वाचून दाखवीन, आणि त्यांनी आपापल्या आईला सांगावयाचे आहे, मराठीत, जसे जमेल तसे. आयांनी मध्ये दुरुस्त्या करू नयेत, एवढी विनंती आहे.